अणुवीज केंद्रांतील फिरते कुशल कामगार

अणुभट्टी देखभालीसाठी बंद ठेवली की, म्हणजे शटडाउनच्या काळात, एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्रावर कामाला जाणारे वेल्डर, फिटर, जोड तपासणारे तंत्रज्ञ आणि किरणोत्सर्गावर नजर ठेवणारे कर्मचारी. एरवी केंद्र चालवायला कायमची माणसे पुरतात. शटडाउनमध्ये मात्र जास्तीचे हात लागतात, आणि तेही सरावलेले. असे हात बारा महिने पगारावर ठेवणे कोणालाच परवडत नाही.

अमेरिकेत केंद्रे अनेक कंपन्यांची आहेत. विजेची मागणी उतरते त्या वसंतात आणि शरदात बहुतेक जण शटडाउन घेतात, त्यामुळे त्याच माणसांना एकाच वेळी सगळीकडून बोलावणे येते. भारतात १९८७ साली स्थापन झालेले न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन हे सरकारी महामंडळच ही केंद्रे चालवत आले आहे. अभियंत्यांची ने-आण त्यामुळे घरातल्या घरात होते. ठेकेदाराचा कामगार मात्र ठेक्यामागे फिरतो.

महाराष्ट्रातले केंद्र तारापूरचे. १९६९ साली सुरू झालेल्या तिथल्या पहिल्या दोन भट्ट्या उकळत्या पाण्याच्या. इंधन बदलायला त्या थांबवाव्याच लागतात. २००५ आणि २००६ मध्ये सुरू झालेल्या प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या भट्ट्या जड पाण्याच्या, त्यांचे इंधन चालू भट्टीतच बदलते. एकाच परिसरात दोन निरनिराळी कसबे लागतात.

कसब हातोहात कसे पुढे जाते याचे उत्तम उदाहरण म्हणजे जड पाण्याच्या जुन्या भट्ट्यांतील शीतक नळ्यांची बदली. २२० मेगावॅटच्या भट्टीत अशा ३०६ नळ्या असतात. देशात हे काम प्रथम रावतभाट्याच्या दुसऱ्या भट्टीत १९९४ ते १९९८ या काळात झाले. तिथला अनुभव पुढे कल्पक्कम, नरोरा आणि काक्रापारला कामी आला. अशा कामाची तालीम आधी हुबेहूब नमुन्यावर करतात. तिथे वाचलेले प्रत्येक मिनिट आत गेल्यावर माणसाच्या अंगावरचा किरणोत्सर्ग कमी करते.

इथेच हा विषय इतर उद्योगांतल्या मनुष्यबळाच्या देवाणघेवाणीपासून वेगळा होतो. कामगार केंद्र बदलतो, पण अंगावर घेतलेला डोस त्याच्याबरोबरच जातो. छातीवर लावलेल्या टीएलडी बॅजमध्ये कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. प्रयोगशाळेत तापवल्या की त्या उजळतात आणि त्या उजेडावरून डोस मोजतात. पाच वर्षांची सरासरी काढता वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही भारतातील मर्यादा आहे. ती भरत आली की उत्तम वेल्डरलाही बाहेर थांबावे लागते. कुशल माणसांची टंचाई वाढण्याचे हेही एक कारण आहे. मागचा हिशेब नव्या ठिकाणी लपला, तर ही मर्यादा कागदावरच राहते. म्हणून प्रस्तुत लेखकाच्या मते, माणसे वाटून घेण्याच्या कोणत्याही करारात डोसची नोंद वेतनाच्याही आधी यायला हवी.

२००४ च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनी हे बंधन मालकावर घातले आहे: कामावर घेण्यापूर्वी आधीच्या मालकाकडून डोसच्या नोंदी मागवायच्या आणि नोकरी संपताना कामगाराला त्याच्या नोंदी द्यायच्या. पूर्वी किरणोत्सर्गाचे काम केले असेल तर ते सांगणे कामगारालाही बंधनकारक आहे. वर्ध्यासारख्या, अणुवीज केंद्र नसलेल्या जिल्ह्यातून आयटीआय करून ठेकेदारामार्फत अशा कामावर जाणाऱ्या तरुणाने काम सोडताना पगाराच्या हिशेबाबरोबर हा कागदही मागून घ्यावा आणि जपून ठेवावा.