बॉस्टनच्या व्यापाऱ्याचं टपाल

फेब्रुवारी १८४६. बॉस्टनमध्ये ट्रीमाँट स्ट्रीटवर बर्फाचा थर आहे. समोरच्या कॉमन मैदानाच्या कडेनं घोड्यांच्या घसरगाड्या घुंगरं वाजवत चालल्या आहेत, आणि तुम्ही एमॉस लॉरेन्स यांच्या घरात गठ्ठे बांधायला बसला आहात. आसपास कापडाचे तागे, तयार कपडे, मुलांची पुस्तकं, प्रवचनांच्या चोपड्या. एखाद्याला वाटावं, इथं दुकान मांडलंय. पण इथलं काहीही विकायला नाही. घरातल्या दोन खोल्या लॉरेन्सनी निव्वळ देण्याच्या सामानासाठी राखून ठेवल्या आहेत. खेड्यातला ओढग्रस्त पाद्री, कॉलेजात शिकणारा गरीब मुलगा, कुणाची विधवा, ज्याला जे लागेल ते इथून जातं. हवा बरी असली की ते स्वतः गाडीतून फेरफटका मारतात, तेव्हाही बरोबर पुस्तकं असतात. वाटेत भेटेल त्याच्या हातावर एखादं ठेवायचं आणि पुढं निघायचं.

ते आत येतात. साठीला टेकलेला, जपून पावलं टाकणारा माणूस. १८३१ च्या जूनमधल्या एका उकाड्याच्या दिवशी गार पाणी प्यायल्याचं निमित्त झालं आणि पोट कायमचं बिघडलं. तेव्हापासून पेढीवरचं रोजचं काम सुटलं. जेवण साधं, एकट्यानं आणि तराजूत तोलून. मोजणं हा त्यांचा स्वभावच आहे म्हणा. दिलेल्या पैशांचीही १८२९ पासून वेगळी वही आहे. त्या वहीची शेवटची बेरीज त्यांना ठाऊक नाही, तुम्हाला आहे. १८५२ च्या ३१ डिसेंबरला ते जातील तोवर आकडा साधारण ६ लाख ३९ हजार डॉलरवर पोचलेला असेल.

मेजावरची पत्रं बघा. लिफाफा जवळजवळ कुठंच नाही. कागदच घडी घालून, लाखेनं चिकटवून, पाठीवर पत्ता लिहिलेला. याचं कारण टपालखात्यात आहे. परवा-परवापर्यंत तावागणिक आणि अंतरागणिक दर होता. एकाचे दोन ताव झाले की पैसे दुप्पट, आणि लिफाफा हाही एक तावच. चारशे मैलांपलीकडे जायचं तर एका तावाला २५ सेंट. गेल्या जुलैपासून मात्र कायदा बदलला. अर्ध्या औंसापर्यंतचं पत्र तीनशे मैलांच्या आत ५ सेंटांत जातं. सरकारी तिकिटं अजून निघालेली नाहीत, ती पुढल्या वर्षी येतील. सध्या पैसे बहुतेक वेळा पत्र घेणाराच भरतो. लॉरेन्ससारख्या, खोलीतच दिवस काढणाऱ्या माणसाला स्वस्त टपाल म्हणजे केवढी सोय! ज्या जगात स्वतः जाता येत नाही, तिथं ते पत्रातून जातात.

यातली बरीच पत्रं विल्यमस्टाउनला, मार्क हॉपकिन्सना. ते विल्यम्स कॉलेजचे अध्यक्ष. मॅसॅच्युसेट्सच्या पार वायव्य टोकाला, डोंगरात, सदैव पैशांच्या चणचणीत असलेलं हे कॉलेज. लॉरेन्स स्वतः युनिटेरियन, कॉलेज जुन्या वळणाच्या काँग्रिगेशनल मंडळींचं. त्या काळात या दोन पंथांत किती कडवटपणा होता हे लक्षात घेतलं, तर या दोघांच्या पत्रांतला जिव्हाळा विशेष वाटतो. लॉरेन्सच्या देणग्यांतूनच तिथं अष्टकोनी ग्रंथालय उभं राहतं आहे. याच कॉलेजातून १८०८ मध्ये बाहेर पडलेला गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला, मराठी शिकला, आणि १८२६ मध्ये नाशिकच्या दौऱ्यावरून परतताना पटकीनं गेला. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात त्याच्यापासून.

जुन्या पत्रांचा गठ्ठा सोडा. तुम्हाला परवानगी आहे, कारण पुढं १८५५ मध्ये मुलगा विल्यम यातलं निवडक छापणारच आहे. भाऊ ॲबट १८१५ मध्ये, ब्रिटनशी तह होताच माल घ्यायला जहाजानं लिव्हरपूलला गेला. त्याला थोरल्या भावाचे उपदेश पानोपानी. मग ग्रोटनच्या शेतकरी वडिलांची हकिकत: लेकाला बॉस्टनमध्ये नवं दुकान चालवता यावं म्हणून त्यांनी शेत गहाण टाकून हजार डॉलर आणून दिले. आधी कळतं तर घेतले नसते, असं लेकाचं म्हणणं. माझ्या मते अख्ख्या गठ्ठ्यात सगळ्यात मोलाचं पान हेच. ती देण्याची वही जन्माला आली, ती या ओझ्यातूनच असावी.

हेच वडील १७७५ मध्ये बंकर हिलच्या लढाईत ब्रिटिशांविरुद्ध लढले होते. तिथलं स्मारक पैशाअभावी अर्धवट राहिलं, कर्ज फेडायला रणभूमीचे तुकडे विकायची पाळी आली, तेव्हा लॉरेन्सनी पत्रांचा सपाटा लावला. शेवटी त्यांनी १० हजार डॉलर दिले आणि न्यू ऑर्लिन्सचे ज्यू व्यापारी ज्युडा टुरो यांनीही तेवढेच. १८४० मध्ये सारा हेल यांच्या पुढाकारानं बायकांनी जत्रा भरवून सुमारे ३० हजारांची भर घातली. २२१ फुटी दगडी स्तंभ १८४३ मध्ये लोकार्पण होऊन उभा आहे.

आता हातातल्या ताग्याकडे पाहा. ए. अँड ए. लॉरेन्स ही पेढी लोवेलच्या गिरण्यांचं कापड विकते. गिरण्यांत येणारा कापूस दक्षिणेतला, गुलामांनी वेचलेला. विधवेला जाणारं हे कापड त्याच सुताचं. लॉरेन्सना हे माहीत नाही असं समजू नका. दक्षिणेतल्या ओळखीच्यांशीही त्यांचा पत्रव्यवहार आहे. गुलामगिरी त्यांना आवडत नाही, पण त्याहून संघराज्य फुटण्याची धास्ती मोठी आहे. आपल्या खाण्याचा औंस न औंस तोलणाऱ्या माणसाच्या वहीत या कापसाला मात्र रकाना नाही. त्यांना ढोंगी म्हणावंसं मला वाटत नाही. पण सभ्य माणसाची ही गप्प राहण्याची सोय डोळ्याआड करणंही बरोबर नव्हे.

गठ्ठा बांधून झाला? मग नऊ वर्षं पुढं चला. लॉरेन्स गेले आहेत. १८५४ मध्ये अँथनी बर्न्स नावाच्या पळून आलेल्या गुलामाला याच बॉस्टनमधून, सैनिकांच्या पहाऱ्यात, संतापलेल्या हजारोंच्या गर्दीतून परत पाठवलं. ते पाहून आपलं मत एका रात्रीत पालटलं, असं दुसरा मुलगा एमॉस ॲडम्स यानं नातलगाला पत्रात लिहिलं. आता १८५५ आहे. तो कॅन्ससमध्ये गुलामगिरीविरोधी वसाहतवाल्यांना पैसा पुरवतो आहे. तिथल्या एका गावाला त्याच्यावरून लॉरेन्स हे नाव पडलं आहे. तिकडून माणूस आला, बंदुका मागितल्या, आणि शार्प्स रायफलींच्या पेट्या रवाना झाल्या. वाटेत मिझुरीतले गुलामगिरीवाले गुंड माल अडवून तपासतात, म्हणून पेट्यांवर शब्द लिहिला होता: पुस्तकं. कुणीही त्या उघडल्या नाहीत.