कायदा ‘विस्तारित’ होतो म्हणजे काय? गोव्याची कथा

बहुतेक केंद्रीय अधिनियमांच्या पहिल्याच कलमात ‘याचा विस्तार संपूर्ण भारतभर आहे’ अशा धाटणीचे एक वाक्य असते. वाचक ते ओलांडून पुढे जातो. वस्तुतः कोणाला हक्क मिळणार आणि त्यापोटी कोणाच्या माथी कर्तव्य येणार, याची सीमा तेथेच आखलेली असते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्यातील पोर्तुगीज सत्ता संपली. मग दुसऱ्या दिवशी भारताचे सारे कायदे तेथे आपोआप लागू झाले काय? मुळीच नाही. गोव्याच्या प्रशासनासाठी संसदेने १९६२ मध्ये केलेल्या अधिनियमात दोन निरनिराळी क्रियापदे आहेत. पाचव्या कलमाने जुने कायदे, सक्षम विधिमंडळ ते बदलीपर्यंत, ‘चालू ठेवले’. सहाव्या कलमाने भारतातील कायदे अधिसूचनेद्वारे, हवे ते फेरफार करून, तेथे ‘विस्तारित’ करण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला.

या दोन शब्दांतले अंतर घराघरांत पोहोचले. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार अधिनियम गोव्याला विस्तारित झाला नाही. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता चालू राहिली. तिच्यात मुलगा आणि मुलगी समान वारस. शिवाय अपत्ये असतील तर निम्मी संपत्ती त्यांच्यासाठी राखीव. पित्याने मृत्युपत्र केले तरी तिला हात लावता येत नाही. लेकीचा हक्क तोच बापावरचा निर्बंध! (उर्वरित भारतात हिंदू कन्येला वडिलोपार्जित एकत्र संपत्तीत जन्मसिद्ध वाटा देणारी केंद्रीय दुरुस्ती २००५ ची, हे ध्यानात घ्यावे.)

पुढे पेच उद्भवला तो मुंबईत. मूळच्या गोवेकर गृहस्थाची मुंबईतील मालमत्ता. तिच्या वारसाहक्काला कोणता कायदा लावायचा? सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये निर्णय दिला : ही संहिता उगमाने पोर्तुगीज असली तरी ती परकीय कायदा नव्हे, कारण तिला बळ आहे ते संसदेच्या १९६२ च्या अधिनियमाचे. म्हणून गोव्याचा अधिवास असलेल्या व्यक्तीच्या भारतात कोठेही असलेल्या संपत्तीला तीच लागू. माझ्या मते निकालाचा खरा गाभा येथे आहे. प्रदेशापुरता चालू ठेवलेला कायदा माणसाबरोबर प्रदेशाबाहेर गेला.

तोवर संहितेतील वारसाहक्काच्या प्रकरणांची जागा गोवा विधानसभेच्या २०१२ च्या, आणि २०१६ मध्ये अमलात आलेल्या, नव्या अधिनियमाने घेतली होती. राखीव निम्मा हिस्सा मात्र त्यानेही कायम ठेवला.