सॉकेट जळणे
घरगुती वीजजोडणीतील सॉकेट अतिउष्णतेने काळवंडणे, वितळणे किंवा निकामी होणे, यास सॉकेट जळणे असे म्हणतात. भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट दाबाचा असून सॉकेट प्रामुख्याने ६ व १६ अँपिअर क्षमतेचे असतात. २,००० वॅटचा पाण्याचा हीटर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. त्यामुळे ६ अँपिअरचे सॉकेट त्यासाठी अपुरे ठरते.

कारण ओळखताना जळाल्याची नेमकी जागा पाहतात. पिनांच्या छिद्रांभोवती डाग असल्यास आतील पितळी पट्ट्यांची पकड बहुधा सैल झालेली असते. मागील स्क्रूपाशी जळाले असल्यास तारेची जोडणी ढिली असण्याचा संभव असतो. तारेचे आवरण लांबवर वितळले असल्यास अतिभाराचा संशय घ्यावा. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा यांसारख्या भरपूर पावसाच्या डोंगराळ तालुक्यांत दमट हवेमुळे धातूवर गंज चढूनही जोडणीचा रोध वाढू शकतो.

सैल जोडणी तापते, परंतु तीमुळे प्रवाह वाढत नाही. म्हणून फ्यूज किंवा एमसीबी पुरवठा तोडत नाही आणि आग लागण्याचा धोका राहतो. यास्तव मुख्य स्विच बंद करून जाणकार वायरमनकडून तपासणी करून घ्यावी. सॉकेटबरोबरच जळका प्लग बदलावा आणि तारेचे जळके टोक कापून टाकावे. अन्यथा नवे सॉकेटही जळू शकते.