कावेरीचे वाटाडे

सध्या मुक्काम होसकोटे. बंगळूरच्या पूर्वेचा हा मुलूख एकेकाळी शहाजीराजांच्या जहागिरीत होता. 1768 च्या ऑगस्टमध्ये हैदर अलीने मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर रात्री छापा घातला आणि मुराररावांच्या लोकांनी तो परतवला, तोही इथेच. त्या लढाईवर पुन्हा केव्हातरी लिहीन. आज लिहायचे आहे ते एका वेगळ्या पेशाबद्दल. कोणत्याही फौजेचे वाटाड्यावाचून चालत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. पण नदीलाही वाटाडे असतात.

होसकोट्याजवळची दक्षिण पिनाकिनी सरळ तमिळनाडूकडे निघून जाते. वाटाड्यांची नदी कावेरी. तिच्यासाठी बंगळूर ओलांडून कनकपुरा, हलगूरमार्गे भीमेश्वरीला उतरावे लागते. पुढे गालिबोरे. दोन्ही बाजूंना जंगल, पात्रात हत्ती आणि मगरी, आणि पाण्यात महसीर. महसीर म्हणजे मोठ्या खवल्यांचा, प्रवाहाविरुद्ध झुंजणारा मासा. 1946 साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने कावेरीची उपनदी कबिनीत 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा महसीर गळाला लावला. तो विक्रम आजही सांगितला जातो.

1977-78 मध्ये ‘ट्रान्सवर्ल्ड फिशिंग टीम’ नावाने आलेल्या इंग्रज तरुणांनी कावेरीचे नाव पुन्हा जगभर नेले. पुढे सरकारी जंगल लॉजेस आणि बंगळूरची ‘वासी’ ही वन्यजीव संस्था यांच्यामुळे इथे गळाच्या छावण्या चालू लागल्या. नियम एकच: मासा पकडायचा, वजन करायचे आणि सोडून द्यायचा. पाहुणे परदेशी, पण नदी कळणार ती काठच्या गावकऱ्यांना. त्यांतले काही जण पूर्वी चोरून मासे मारणारे. डोह कुठे, सुरुंग कुठे लावायचा, हे त्यांना पाठ होते. तीच माणसे पगारी गाइड झाली.

काम सोपे नव्हे. खळाळते पाणी खडकामागे संथ होते, त्या सीमेवर मासा दबा धरतो. ती रेघ वरून दिसत नाही. पाण्याच्या सुरकुतीवरून ओळखावी लागते. आम्हाला नकाशावरच्या समोच्च रेषा वाचायला शिकवतात, तसेच हे वाचन, फक्त नकाशा दर पावसाळ्यात बदलतो. फ्लाय फिशिंगमध्ये पिसांचा बनवलेला वजनहीन किडा दोरीच्याच वजनाने फेकायचा असतो. त्याला नितळ पाणी लागते. कावेरीवर मुख्य आमिष मात्र नाचणीचा उकडून मळलेला घट्ट गोळा. दोरी खडकात अडकली की गाइड हरिगोलूत, म्हणजे टोपलीसारख्या गोल होडीत बसून ती सोडवणार. थकलेल्या माशाचे तोंड प्रवाहाकडे धरून तो सावरेपर्यंत पाण्यात उभा राहणारही तोच. विक्रमांच्या यादीत गळ धरणाऱ्याचे नाव येते. होडीवाल्यासाठी तिथे रकाना नसतो.

पण गालिबोरेच्या छावणीत एक वही होती. कोणी किती तास गळ टाकला, कोणता मासा लागला, वजन किती. 1998 ते 2012 या काळातल्या सहा हजारांहून अधिक महसीरांची ही नोंद संशोधकांच्या हाती लागली, आणि चित्र धक्कादायक निघाले. कावेरीचा अस्सल, पाठीवर उंचवटा असलेला महसीर घटत चालला होता. उरलेले मासे मोठे, म्हणजे म्हातारे होते. लहान दिसेनासे झाले होते. त्यांची जागा निळसर पंखांच्या महसीराने घेतली होती.

हा दुसरा मासा आपल्याकडचा. पेशव्यांविरुद्धच्या मोहिमेत लढलेल्या कर्नल साइक्सने तो पुण्याच्या मुळा-मुठेतून घेतला आणि 1839 मध्ये त्याचे वर्णन केले. इथलाच शब्द शास्त्रीय नावात ठेवला: टॉर खुद्री. आम्ही प्रबोधिनीत ज्या खडकवासल्याच्या पाण्यात होड्या वल्हवल्या, ते याच मुठेचे. 1970 च्या दशकापासून टाटांच्या लोणावळ्याच्या केंद्रात खुद्रीची पैदास झाली. आपल्या नद्यांसाठी ते मोठेच काम होते. पण तीच पिल्ले कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगला, पण घर दुसऱ्याचे होते.

2012 पर्यंत अभयारण्यातला गळ कायद्याने बंद झाला. संरक्षित जंगलात शिकारीसारखा खेळ नको, ही भूमिका समजण्यासारखी आहे. पण छावण्यांबरोबर गाइडचा पगार गेला, वही मिटली, आणि रात्री सुरुंगाचा आवाज ऐकणारे कानही गेले. अखेर 2018 मध्ये शास्त्रज्ञांनी कावेरीच्या त्या माशाची ओळख पक्की केली, टॉर रेमादेवी. त्याच वर्षी तो ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेला.

सीमेवरची चौकी मागे घेतली की शत्रू गेला असे होत नाही. फक्त तो दिसत नाही. नदीवर गळ पुन्हा सुरू करावा का, हा वाद चालू राहील. पण गळाशिवायही त्या माणसांना पाहणीसाठी, मोजणीसाठी, गस्तीसाठी नोकरीवर ठेवता येते. डोह ओळखणारी ती पिढी आता म्हातारी होत आहे. त्यांचे ज्ञान कुठल्याच वहीत पूर्ण उतरलेले नाही.