उकिरड्यापासून दोन बादल्यांपर्यंत



आपल्या मैंदर्गीसारख्या गावात जुन्या घरांना ‘कचरा’ हा शब्द फारसा लागतच नसे. शेण, भाजीची देठं, गुरांनी टाकलेला कडबा उकिरड्यावर जाई आणि पावसाळ्याआधी खत होऊन शेतात पडे. चुलीची राख भांडी घासायला. जुन्या लुगड्यांची वाकळ, म्हणजे आपल्या सीमेवरच्या बोलीत कौदी. कपडे बोहारीण नेई, फुटका पत्रा भंगारवाला.

या उकिरड्याला शास्त्रातही मान मिळाला. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण, माती यांचे थर लावून, वेळोवेळी ढीग उलटून खत करण्याची रीत बसवली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. हॉवर्ड स्वतः मान्य करत, की आपण इथल्या शेतकऱ्यांकडून शिकलो.

पण आता आपल्यापैकी कितीतरी जणींची मुलं-सुना पुण्या-मुंबईला आहेत. तिथे ना गुरं, ना शेत, ना उकिरडा. मग एवढ्या मोठ्या शहराचा कचरा निवडतं कोण? पुण्यापुरतं उत्तर सोपं आहे. बायका निवडतात. त्यांचा इतिहास आपल्याला माहीत असायला हवा, असं मला वाटतं.

पुण्यात रस्त्यावरच्या कचरापेट्यांतून कागद, काच, पत्रा वेचून भंगाराच्या दुकानात विकणाऱ्या हजारो बायका होत्या. बहुतेक दलित समाजातल्या, कोरडवाहू गावांतून आलेल्या. १९७२ च्या दुष्काळाने गाव सोडायला लावलेली घरंही त्यांत होती. आपल्या जिल्ह्यातल्या बाईला दुष्काळ म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. लोक त्यांना कचऱ्यातच जमा धरत, आणि काही हरवलं की पहिला संशय त्यांच्यावर.

१९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुणे शाखेतल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण त्यांच्यात जाऊ लागल्या. सुरुवात शिकवण्यापासून झाली. पण लवकरच लक्षात आलं, की कचरा घरातच वेगळा करून हातात दिला, तर या बायकांना पेटीत हात घालावा लागणार नाही आणि माल स्वच्छ मिळून चार पैसे जास्त येतील. काही वस्त्यांतल्या घरांनी तसं सुरूही केलं. तेवढ्यात एका खासगी व्यावसायिकाची गाडी घरोघरचा कचरा न्यायला आली. म्हणजे पोटावरच पाय. बायकांनी गाडी अडवली.

मे १९९३ मध्ये पुण्यात ८०० हून अधिक कचरावेचकांचा मेळावा भरला. हमाल पंचायतीचे बाबा आढाव पाठीशी होते. तिथून ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. त्यांनी दयेची मागणी केली नाही. आम्ही करतो ते काम आहे, त्याला काम म्हणा, एवढंच म्हणणं. पुढे महापालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली, आरोग्य विमाही मिळाला.

२००० साली केंद्र सरकारचे घनकचऱ्याचे नियम आले. कचरा घरोघरून आणि वेगळा करून गोळा करा, असं त्यांत होतं. पण करणार कोण? ज्या आधीपासून करत होत्या, त्याच. २००७ मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था स्थापन झाली आणि २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. तेव्हापासून ओला आणि सुका अशा दोन बादल्या पुण्याच्या दारात आल्या. सुक्यातलं भंगार विकून येणारा पैसा या बायकांचा, आणि घरटी महिन्याचं ठरलेलं शुल्क ही त्यांची मजुरी.

ओल्या कचऱ्याची गोष्ट जास्त कठीण. वर्षानुवर्षं पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगी इथे ओतला गेला. तिथल्या गावांचं पाणी नासलं, वास सोसवेना, म्हणून गावकऱ्यांनी वेळोवेळी गाड्या रोखल्या. शहराने आपला उकिरडा दुसऱ्याच्या अंगणात नेला होता. मग सोसायट्यांत खताचे खड्डे आले. गांडूळखताचा प्रकल्प चालवणाऱ्यांना महापालिका मिळकत करात सवलत देऊ लागली.

इथे आपल्या बायकांना एक खरी शंका येते. खताच्या खड्ड्यात जीव असतात, मग ते पाप नाही का? शंका योग्यच आहे. पण प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून फेकलेल्या भातात जीव होत नाहीत का? होतात, आणि कोंडून मरतात. वर ती पिशवी गाईच्या पोटात जाते ती वेगळीच. गांडुळं विकत आणायला मन घेत नसेल तर आणू नका. कोरडा पाला, थोडी माती, झाकलेली टोपली, पाणी साचू न देणं, एवढ्यावरही खत होतं.

साधूंच्या पाच समितींमध्ये उत्सर्ग समिती आहे. काहीही टाकायचं तर जागा पाहून, जीवांना पीडा होणार नाही असं टाकायचं. आपण श्रावक, आपल्याला ती पूर्ण पाळता येत नाही. पण अनर्थदंडविरती तर आपल्याच व्रतांत आहे, आणि विनाकारण पाणी, माती, वनस्पती यांची नासाडी करणं म्हणजे त्यातली प्रमादचर्या. पाणी गाळून पिणारा आपला हात बादलीपाशी आला की बेसावध का व्हावा? सगळ्यात मोठं पुण्य खतात नाही, ताटात न टाकण्यात आहे.

आणखी एक, बायकाबायकांतलं बोलते. वापरलेले पॅड उघडे टाकले की ते दुसऱ्या बाईला हाताने वेगळे करावे लागतात. २०१३ मध्ये ‘स्वच्छ’च्या बायकांनी असे पॅड गोळा करून ते बनवणाऱ्या कंपन्यांकडेच परत पाठवले. २०१६ च्या नियमांत कंपन्यांनी गुंडाळायला पिशवी द्यावी आणि घरांनी नीट बांधून द्यावं, असं आलं. पिशवी मिळो न मिळो, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल खूण करणं आपल्या हातात आहे. फुटलेली काचही तशीच, वेगळी बांधून.

अहिंसा म्हटलं की आपल्याला मुंगी आठवते, आणि आठवायलाच हवी. पण बादलीच्या पलीकडे एक बाई उभी आहे. तिचा हात कापू नये, तिला किळस येऊ नये, ही अहिंसाच आहे. लेकीसुनांशी फोनवर बोलाल तेव्हा जेवणाखाण्याबरोबर हेही विचारा, की दारावर येणाऱ्या मावशींना ओला-सुका वेगळा देता ना? त्यांचं नाव माहीत आहे ना?

जय जिनेंद्र.