अठरापगड शहर



मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत वह्या तपासून झाल्या, अन् बोलता बोलता टीव्हीवर दिसणाऱ्या न्यूयॉर्कचा विषय निघाला. एका ताईंनी विचारलं, "तिथं म्हणे साऱ्या जगाची माणसं राहतात. मग त्यांचं आपसात जमतं कसं?" प्रश्न साधा होता, पण आम्हाला लगेच उत्तर देता आलं नाही. आज त्याचाच इतिहास सांगतो.

अशा शहराला कॉस्मोपॉलिटन म्हणतात. आपल्या भाषेत अठरापगड म्हणा. गंमत म्हणजे न्यूयॉर्कच्या बाबतीत अठराचा आकडा खराच आहे. १६४३ साली, म्हणजे शिवाजी महाराज तेरा वर्षांचे होते तेव्हा, एक फ्रेंच पाद्री तिथं पोचला. लेनापी या मूळ रहिवाशांच्या भूमीवर तेव्हा डच व्यापारी कंपनीनं ठाणं मांडलं होतं. वस्ती चार-पाचशे माणसांची, पण तिथल्या गव्हर्नरनं पाद्र्याला सांगितलं, की इथं अठरा भाषा बोलल्या जातात. ही सगळी माणसं हौसेनं आलेली नव्हती, बरं का. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेलीही त्यात होती. म्हणजे नुसत्या भाषा मोजून शहराचं मोठेपण ठरवायचं, तर आधी कोण कसं आलं हे विचारावं लागेल.

पुढं इंग्रजांनी ते गाव घेतलं, बंदर वाढलं. १८९२ मध्ये बंदरातल्या एलिस बेटावर तपासणीचं ठाणं सुरू झालं. १९५४ मध्ये ते बंद होईपर्यंत सुमारे १ कोटी २० लाख माणसं त्या दारातून आत गेली.

आत गेल्यावर राहायचं कुठं? ऑर्चर्ड स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर ९७ नंबरची एक चाळवजा इमारत आहे. १८६३ साली बांधलेली. आता तिथं संग्रहालय आहे. एका बिऱ्हाडाला तीन खोल्या, मिळून जेमतेम सव्वातीनशे चौरस फूट. आतल्या खोल्यांना बाहेरचा उजेड नाही. सुरुवातीला पाण्याचा नळ आणि संडास मागच्या अंगणात. सत्तर-बहात्तर वर्षांत या एका इमारतीत २० हून जास्त देशांतली सुमारे ७,००० माणसं राहून गेली. आधी जर्मन, मग पूर्व युरोपातले ज्यू, मग इटलीचे. बायका घरात शिलाईचं काम घेत, नगावर पैसे मिळत. भाडं भागेना म्हणून कितीतरी घरांत भाडेकरू ठेवत आणि त्यांचा स्वयंपाकही करत. जिन्यात मात्र प्रत्येक मजल्याचा वास वेगळा असणार. पोटासाठी घर सोडलेल्या बाईला परक्या वासांची सवय करून घ्यावीच लागते, हे आपल्यातल्या मुंबईला राहून आलेल्या बायकांना सांगायला नको.

या माणसांनी पहिली गोष्ट काय केली असेल? गट काढले! एकाच मूळ गावाहून आलेल्या ज्यू लोकांची मंडळं होती. दरमहा वर्गणी भरायची, आजारपणात आणि मयतीला मंडळ मदत करायचं. १८९२ मध्ये तर बिनव्याजी कर्ज देणारी एक संस्था ज्यू लोकांनी उभी केली. इटलीच्या लोकांची अशीच मंडळं होती. आणि भिशी! कॅरिबियन बेटांवरच्या बायका तिला सुसू म्हणतात, मेक्सिकोच्या बायका तांदा, डोमिनिकन बायका सान. ब्रुकलिन भागात बार्बाडोस बेटावरून आलेल्या बायकांनी लोकांच्या घरची धुणीभांडी करून, सुसूच्या पैशातून घरं विकत घेतली. हे वाचलं तेव्हा आम्हाला ते शहर एकदम ओळखीचं वाटलं.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. हे सगळे गट आपल्या-आपल्यातले. आपल्याकडंही गट बांधताना आळीआळीचे होतात. का होतात, ते आपल्याला ठाऊक आहे. ओळखीवर विश्वास बसतो, हे खरं. पण शेजारी राहणं वेगळं आणि एकत्र उभं राहणं वेगळं.

१९०२ च्या मे महिन्यात त्याच वस्तीत ज्यूंच्या धर्मनियमानं कापलेल्या मांसाचा भाव पौंडाला १२ सेंटांवरून १८ सेंटांवर गेला. घर चालवणाऱ्या ज्यू बायकांनी दारोदार फिरून खरेदी बंद पाडली. पोलिसांचा मार खाल्ला, कित्येकींना अटक झाली. जूनपर्यंत भाव १४ सेंटांवर आला. केवढी ताकद! पण तीही एकाच समाजाची.

भिंत ओलांडायला कारखाना लागला. ब्लाउज शिवणाऱ्या कारखान्यांत ज्यू आणि इटालियन मुली शेजारी-शेजारी बसून काम करत. नोव्हेंबर १९०९ मध्ये एका मोठ्या सभेत पुढारी लांबलचक भाषणं करत होते. क्लारा लेमलिच ही विशीतली कामगार मुलगी उठली आणि तिच्या यिडिश बोलीत म्हणाली, की बोलणं पुरे, आता संप. वीस हजारांवर कामगार बाहेर पडले, बहुतेक मुली. मात्र संघटनेकडं इटालियन बोलणारे कार्यकर्ते फार थोडे होते, म्हणून बऱ्याच इटालियन मुलींपर्यंत ही हाक नीट पोचलीच नाही. भाषा जोडायला माणूस लागतो, तो तिथं कमी पडला. फेब्रुवारी १९१० मध्ये संप संपला. बऱ्याच मालकांनी अटी मानल्या, पण ट्रँगल नावाच्या कारखान्यानं संघटना मानली नाही.

२५ मार्च १९११ ला त्याच ट्रँगलमध्ये आग लागली. नवव्या मजल्यावर जिन्याचं एक दार कुलूपबंद होतं. १४६ जीव गेले, त्यात १२३ बाया-मुली, बहुतेक ज्यू आणि इटालियन. फ्रान्सिस पर्किन्स ही समाजकार्य करणारी बाई योगायोगानं जवळच होती. मुली खिडक्यांतून उड्या टाकताना तिनं पाहिल्या. पुढं चौकशी झाली, कारखान्यांच्या सुरक्षेचे कायदे आले, आणि १९३३ मध्ये पर्किन्स अमेरिकेची कामगारमंत्री झाली. मंत्रिमंडळातली पहिली बाई.

तोवर दारं मिटत चालली होती. चिनी मजुरांना १८८२ मध्येच बंदी झाली होती. आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला १८८३ मध्ये न्यूयॉर्क बंदरात उतरल्या. त्यांच्या अस्थी आजही न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी आहेत. १९१७ मध्ये मात्र हिंदुस्थानातून येणाऱ्या मजुरांना बंदी झाली. नंतर १९४६ मध्ये सूट मिळाली, ती वर्षाला फक्त १०० जणांची!

आणि जे आतच होते त्यांचं काय? मंदीच्या काळात, १९३५ च्या सुमारास, ब्रॉन्क्स भागात रस्त्याच्या कोपऱ्यांवर काळ्या बायका सकाळपासून उभ्या राहत. हातात कामाच्या कपड्यांची कागदी पिशवी. घरमालकिणी यायच्या, तासाचा भाव ठरवायच्या, निवडून न्यायच्या. आपला मजूर नाका आठवा. एला बेकर आणि मार्व्हल कुक या दोघी स्वतः त्या रांगेत उभ्या राहिल्या आणि त्यांनी ते लिहून काढलं. त्याच वर्षी अमेरिकेत म्हातारपणच्या पेन्शनचा मोठा कायदा झाला. मंत्री त्याच पर्किन्सबाई. पण घरकाम आणि शेतमजुरी करणारे त्यातून वगळले गेले. कागदावर जातीचा किंवा रंगाचा उल्लेख नव्हता, तरी कोण गाळलं गेलं हे सगळ्यांना दिसत होतं. असा कायदा वाचताना आम्ही तरी आधी वगळलेल्यांची यादी बघतो.

१९६५ च्या कायद्यानं आशियाची दारं पुन्हा उघडली. आज न्यूयॉर्कमध्ये दर तीन माणसांत एकाहून जास्त माणूस परदेशात जन्मलेला आहे. भाषा ७०० च्या आसपास. २०१७ च्या नियमानुसार नगरपालिकेच्या कचेऱ्यांना महत्त्वाचे कागद इंग्रजीशिवाय १० भाषांत द्यावे लागतात, त्यात बंगाली आणि उर्दूही आहेत. आमच्या मते शहर अठरापगड होतं ते इथं, कचेरीच्या खिडकीपाशी. हॉटेलात दहा देशांचं जेवण मिळणं सोपं असतं.

याच शहरातल्या क्वीन्स भागात १९९८ मध्ये दक्षिण आशियातल्या कामकरी बायकांनी एक संघटना काढली. नाव काय, तर 'आंदोलन'! पुढं कॅरिबियन, फिलिपिनी, लॅटिन अमेरिकी, नेपाळी अशा घरकाम करणाऱ्या बायका एकत्र आल्या. सुट्टीच्या दिवशी, कधी पगार बुडवून, बसनं राजधानी ऑल्बनीला जायच्या, आमदारांना गाठायच्या. सभेत एकीचं बोलणं दुसरीला भाषांतर करून सांगितलं जायचं, म्हणजे १९०९ मध्ये जे कमी पडलं होतं तेच. ही खटपट सहा वर्षं चालली. ऑगस्ट २०१० मध्ये न्यूयॉर्क राज्यानं घरकामगारांच्या हक्कांचा कायदा केला, अमेरिकेतला पहिला. आठवड्याला एक सुट्टी, जादा कामाला दीडपट पगार, एक वर्ष काम झाल्यावर वर्षाला तीन दिवस भरपगारी रजा. कामावरून काढायच्या आधी नोटीस द्यावी, ही मागणी मात्र त्यात आली नाही.