संपावर गेलेली शाळा

२३ एप्रिल १९५१, सोमवार. तुम्ही अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, प्रिन्स एडवर्ड काउंटीच्या फार्मव्हिल गावात आहात. वय सोळा. शाळा रॉबर्ट रसा मोटन हायस्कूल. तुम्ही कृष्णवर्णीय आहात, म्हणूनच या शाळेत आहात. गोऱ्या मुलांचं हायस्कूल वेगळं आहे. तिथे व्यायामशाळा आहे, उपाहारगृह आहे, सामान ठेवायला कपाटं आहेत. तुमच्याकडे यातलं काहीच नाही.

१९३९ मध्ये तुमची शाळा बांधली ती १८० मुलांसाठी. आज पटावर साडेचारशेहून अधिक मुलं आहेत. उरलेल्यांसाठी काउंटीने आवारात लाकडी सांगाडे उभे केले आणि त्यांवर डांबरी कागद ठोकून दिला. रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसाला ती कोंबड्यांची खुराडी वाटतात. तुमचा वर्ग त्यातल्याच एकात भरतो. थंडीत आत शेगडी पेटते. तिच्याजवळ बसलात तर घाम फुटतो, दाराशी बसलात तर कोट काढायची सोय नाही. पाऊस आला की छप्पर गळतं आणि मुलं वर्गातच छत्री उघडतात. शेगडी पेटवायची इतिहासाच्या शिक्षकांनी, सकाळी मुलांची बस चालवत आणायची तीही त्यांनीच. बसही गोऱ्यांच्या शाळेने वापरून टाकलेली.

अकराच्या सुमाराला वर्गात चिठ्ठी येते: सर्वांनी सभागृहात जमावं. खाली सहीचं एकच अक्षर, ‘जे’. मुख्याध्यापक बॉइड जोन्स यांचंच, असं समजून शिक्षक मुलांना सोडतात. प्रत्यक्षात जोन्स शाळेत नाहीत. त्यांना मघाशी फोन आला होता, की मोटनची मुलं बसस्थानकावर पोलिसांच्या तावडीत सापडलीत. ते तातडीने निघाले. फोन खोटा होता, आणि चिठ्ठीतला ‘जे’ मुख्याध्यापक जोन्स यांचा नव्हे, बार्बरा जॉन्स या विद्यार्थिनीचा होता.

सभागृहाचा पडदा सरकतो. मंचावर विद्यार्थ्यांची समिती बसली आहे आणि पुढे उभी आहे बार्बरा जॉन्स, तुमच्याच वयाची. चार धाकट्या भावंडांचं आवरून त्यांना शाळेला धाडणारी, फारसं न बोलणारी ही मुलगी. शाळेच्या दुरवस्थेबद्दल तिने संगीताच्या बाईंपाशी कुरकुर केली होती, तेव्हा त्यांनी तिलाच विचारलं होतं, मग तू काही करत का नाहीस? एका सकाळी बस चुकली म्हणून ती रस्त्याकडेला थांबली होती, तर गोऱ्या मुलांची अर्धी रिकामी बस तिच्यासमोरून निघून गेली. त्यानंतर तिने एकेक मुलगा निवडून, मोठ्यांपैकी कुणाला सुगावा लागू न देता हा दिवस ठरवला.

ती शिक्षकांना बाहेर जायला सांगते. कुजबुज वाढते तशी पायातला बूट काढून बाकावर आपटते. मग शाळेची ती अवस्था, जी तुम्हाला रोज दिसते, एकामागून एक सांगते आणि म्हणते की नवी इमारत मिळेपर्यंत कुणीही वर्गात बसायचं नाही. तुरुंगात टाकतील का? फार्मव्हिलचा तुरुंग एवढ्या सगळ्यांना पुरायचा नाही. हे ऐकून तुमच्या पोटातली भीती थोडी सैल होते. जोन्स परत येतात, विनवण्या करतात. तुम्ही थांबत नाही. फलक आधीच रंगवून ठेवलेले आहेत: नवी शाळा द्या, नाहीतर शाळाच नको.

शिक्षण अधीक्षक मॅकइल्वेन तुमच्या प्रतिनिधींना सांगतात, आधी वर्गात जा. हे उत्तर तुमच्या पालकांनी वेगवेगळ्या शब्दांत कितीदा ऐकलंय. नव्या इमारतीची मागणी शाळा मंडळापुढे वर्षानुवर्षं पडून आहे.

दोन दिवसांनी, २५ एप्रिलला, रेव्हरंड फ्रान्सिस ग्रिफिन यांच्या चर्चमध्ये, तुम्ही मदत मागितल्यावरून, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवूड रॉबिन्सन येतात. खरं तर तुमची समजूत घालून परत शाळेत पाठवावं, असं त्यांच्या मनात आहे. पण तुमचा निर्धार पाहून ते एक अट घालतात. चांगल्या इमारतीसाठी आम्ही आता लढणार नाही. खटला लढवायचाच तर वर्णानुसार शाळा वेगळ्या ठेवण्याच्या नियमाविरुद्ध. आणि पालकांची संमती हवी.

इथे घरोघरी वाद होतात. पोरांनी मागितलं काय, वकील मागतात काय? सावकार बिथरला, मालक बिथरला तर? मोटनचे माजी मुख्याध्यापकही भर सभेत खटल्याला विरोध करतात. तरीही पालक सह्या करतात. संप दोन आठवडे चालतो आणि २३ मे रोजी खटला दाखल होतो. वादींच्या यादीत पहिलं नाव डोरोथी डेव्हिसचं, म्हणून तो तिच्या नावाने ओळखला जाईल. बार्बराच्या जिवाला धोका आहे असं वाटून घरचे तिला अलाबामात काका व्हर्नन जॉन्स यांच्याकडे पाठवतात. जोन्स यांची नोकरी जाते.

आता जरा भराभर पुढे चला. १९५३: ज्या इमारतीसाठी पैसा मिळत नव्हता, ती खटला चालू असतानाच उभी राहते, व्यायामशाळेसकट. १७ मे १९५४: तुमचा खटला धरून पाच खटल्यांवर सर्वोच्च न्यायालय ‘ब्राउन’ निकाल देतं, वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरतात. १९५९: न्यायालय मुलांना एकत्र बसवा म्हणतं, तेव्हा काउंटी सार्वजनिक शाळांसाठी एक डॉलरही मंजूर करत नाही. सगळ्या शाळांना कुलपं. गोऱ्या मुलांसाठी खासगी अकादमी निघते आणि तिला सरकारी अनुदानाचा, करसवलतीचा आधार मिळतो. सुमारे १७०० कृष्णवर्णीय मुलांपैकी कुणी नातेवाइकांकडे परगावी शिकायला जातं, कुणी चर्चच्या तळघरात अक्षरं गिरवतं, कुणाची शाळा कायमची सुटते. तुमची धाकटी भावंडं यांच्यातच आहेत. पाच वर्षं हे चालतं.

१९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालय बजावतं, की शाळा उघडण्यासाठी कर बसवण्याचा आदेशही काउंटीला देता येईल. त्यानंतर शाळा उघडतात.

तिजोरी तीच, काउंटी तीच. गळक्या छपराला पैसा नव्हता, नव्या इमारतीला निघाला. एकत्र शाळेला नव्हता, गोऱ्यांच्या अकादमीला निघाला. फार्मव्हिलची मुलं निधी मागायला उठली आणि तो कुणाच्या मुलांसाठी आहे, हे विचारून बसली. तुमच्या गावात, तुमच्या महापालिकेत ‘निधी नाही’ असं ऐकाल, तेव्हा गेल्या वर्षीचा पैसा कुठे गेला ते मागून घ्या आणि वाचा.